अक्षर की जागा? एका कॉन्फिग फाइलीचं वाचन

लिनक्स वापरणाऱ्या पोरापोरींच्या एका जमातीत एक रीत आहे. ओळख जरा पक्की झाली की एकमेकांना आपली कॉन्फिग फाइल वाचायला द्यायची, एखादी आवडती कादंबरी हातात ठेवावी तशी. त्या फाइलीत ना गोष्ट असते ना पात्रं. अमुक बटणं एकत्र दाबली की तमुक घडावं, एवढंच सांगणाऱ्या शे-दोनशे ओळी असतात. तरीही लोक त्या बारकाईने वाचतात, त्यांवरून वाद घालतात, त्यांतले तुकडे उचलून आपल्या फाइलीत चिकटवतात. ज्या मजकुरावरून माणसं इतकी भांडतात, त्याची समीक्षा व्हायला हरकत नसावी.

इथे अशीच एक फाइल वाचायची आहे: आय-थ्री नावाच्या टायलिंग विंडो मॅनेजरसोबत येणारी मूळ कॉन्फिग फाइल, आणि वापरणारे तिच्यात जे बदल करतात ते. तांत्रिक तपशील लागेल तेवढाच येईल. प्रश्न मात्र साधा आहे. कीबोर्डवरचं बटण म्हणजे त्याच्यावर छापलेलं अक्षर, की बोटाला सापडणारी जागा? फक्त इंग्रजीत टाइप करणाऱ्याला हा प्रश्न आयुष्यभर पडला नाही तरी त्याचं काही अडत नाही. मराठीत टाइप करणाऱ्याचं अडतं.

फरशीचं घर

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचत आहात. फोनवर खिडक्यांची भानगड नसते. एका वेळी एक ॲप, आणि ते पडदाभर. अँड्रॉइडने २०१६ साली नूगा आवृत्तीत पडदा दुभागायची सोय दिली, पण ती आपल्याला आठवते कधी? व्हिडिओ बघताबघता कुणाला तरी उत्तर द्यायची घाई झाली तर.

लॅपटॉपवर खिडक्या असतात, आणि त्या टेबलावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर पडलेल्या असतात. हे काही निसर्गाने ठरवून दिलेलं नाही. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर येतच नसत, शेजारीशेजारी बसत. एकीवर दुसरी ठेवायची मुभा १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली, आणि पुढे तीच पद्धत सगळीकडे रुळली.

टायलिंग विंडो मॅनेजर ती जुनी, शेजारीशेजारी बसवण्याची पद्धत पुन्हा उचलतो. खिडक्या फरशीसारख्या बसतात. मधे फट नाही, एकीखाली दुसरी दबलेली नाही. नवी खिडकी उघडली की बाकीच्या सरकून तिला जागा देतात, बंद केली की पुन्हा ऐसपैस होतात. माउसने ओढाताण करायला फारसं काही उरत नाही, त्यामुळे सगळा कारभार कीबोर्डकडे जातो. इतर ठिकाणी शॉर्टकट ही सोय असते. नसली तर मेनू उघडून तेच काम करता येतं. इथे मेनूच नाही. शॉर्टकट माहीत नसेल तर तुम्ही एका रिकाम्या पडद्यासमोर बसून राहता. म्हणून इथली शॉर्टकटची यादी म्हणजे या घराची बोलीच असते.

आय-थ्री हा या घराण्यातला गाजलेला विंडो मॅनेजर. मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने तो २००९ मध्ये सुरू केला. पहिल्यांदा चालू केलात की तो विचारतो: तुमच्यासाठी कॉन्फिग फाइल तयार करू का, आणि मुख्य बटण कोणतं ठेवू, विंडोजचं की ऑल्ट? या मुख्य बटणाला तो ‘मॉड’ म्हणतो, आणि जवळपास प्रत्येक आज्ञा त्याच्यापासून सुरू होते. बहुतेक जण विंडोजचं बटण निवडतात, कारण ऑल्ट इतर प्रोग्रामांनाही लागतं. कीबोर्डवर हे बटण १९९४ पासून एका कंपनीचं चिन्ह मिरवत आलं आहे. लिनक्सवाले त्याला ‘सुपर’ म्हणतात, आणि हे नाव त्याच्याही आधीचं, लिस्प यंत्रांच्या कीबोर्डवरून आलेलं. म्हणजे वापरणाऱ्याचा पहिला निर्णयच असा असतो की बटणावर चिन्ह कुणाचंही असो, त्याचं काम मी ठरवणार.

दोन व्याकरणं

आता फाइल उघडू. मॉड आणि एंटर दाबलं की टर्मिनल उघडतं. मॉड आणि एफ म्हणजे फुलस्क्रीन. मॉड आणि व्ही म्हणजे पुढची खिडकी उभ्या रचनेत, म्हणजे खाली. मॉड आणि एच म्हणजे आडव्या रचनेत, म्हणजे शेजारी. मॉड आणि आर म्हणजे रिसाइझ. मॉड आणि एस म्हणजे स्टॅकिंग, एकीवर एक रचलेल्या खिडक्यांच्या पट्ट्या. हे पहिलं व्याकरण: इंग्रजी शब्द घ्या, त्याचं पहिलं अक्षर उचला. शाळेत पाढे पाठ करताना वापरतो तशी ही स्मरणयुक्ती आहे.

दुसरं व्याकरण उजव्या हाताखाली आहे. एका खिडकीतून शेजारच्या खिडकीत जायचं तर जे म्हणजे डावीकडे, के म्हणजे खाली, एल म्हणजे वर आणि सेमीकोलन म्हणजे उजवीकडे. इथे कुठल्याही शब्दाचं पहिलं अक्षर नाही. सेमीकोलनपासून सुरू होणारा शब्द कुठल्या भाषेत सापडणार? इथे बटणाचं नाव गौण आहे, त्याची जागा महत्त्वाची.

ज्यांनी व्हिम हा एडिटर वापरला आहे ते इथे अडखळतात, कारण त्यांना एच, जे, के, एल या चौकडीची सवय असते. त्या चौकडीला वंशावळ आहे. १९७६च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय व्हीआय एडिटर लिहीत होता. त्याच्यासमोरच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. एच, जे, के आणि एल या बटणांवरच बाण छापलेले होते. एका यंत्राची गरज होती ती पुढच्या पिढ्यांची सवय झाली, आणि ते यंत्र कधी डोळ्यांनी न पाहिलेली मुलंही आज ती सवय अभिमानाने सांगतात.

आय-थ्रीने ही चौकडी एक घर उजवीकडे सरकवली. परंपरेचे अभिमानी यावर वैतागतात. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसलेल्या मुलीला विचारा. तिला पहिल्या दिवशी शिकवतात ते काय? डाव्या हाताची बोटं ए, एस, डी, एफवर आणि उजव्या हाताची जे, के, एल, सेमीकोलनवर. राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीचा उजवा हात आय-थ्रीच्या मूळ चौकडीवर आधीच टेकलेला आहे. व्हिमवाल्याला मात्र एचसाठी तर्जनी दर वेळी एक घर डावीकडे न्यावी लागते. या एका निर्णयात आय-थ्रीने ऐकीव परंपरेपेक्षा हाताचं ऐकलं, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

अडचण अशी की तीच फाइल बाकी ठिकाणी हाताचं ऐकत नाही. मॉड आणि डी दाबलं की प्रोग्राम उघडण्याची पट्टी येते. का डी? तर त्या पट्टीच्या प्रोग्रामचं नाव डीमेन्यू. अनेक जण लवकरच डीमेन्यू काढून त्याजागी रोफी आणतात, पण बटण डीच राहतं. भाडेकरू बदलला तरी दारावरची जुनी पाटी तशीच. आणि टॅबच्या रचनेसाठी डब्ल्यू का, याचं उत्तर कुठल्याही शब्दात नाही. एस, डब्ल्यू आणि ई ही तीन बटणं एकमेकांना चिकटून आहेत आणि तिन्ही रचना बदलतात, हेच काय ते कारण दिसतं. म्हणजे एस एकाच वेळी अक्षरही आहे आणि जागाही. आरंभापासून शेवटपर्यंत फाइल या दोन व्याकरणांच्या मधे डोलत राहते, आणि कुठे कोणतं चालू आहे ते सांगत नाही.

एक ओळ बदलली की

समजा, तुम्हाला व्हिमची चौकडीच हवी आहे. फाइलीत चार ओळी बदलायच्या, एवढंच काम. पण एच आधीच आडव्या रचनेसाठी लागलेला आहे. एकाच बटणावर दोन कामं बांधली की आय-थ्री पडद्याच्या वर लाल पट्टी दाखवून तक्रार करतो. मग आडव्या रचनेला नवं घर शोधावं लागतं. शिवाय खिडकी हलवायच्या चार ओळी वेगळ्या, शिफ्टसकट. आणि रिसाइझमधल्या आणखी चार वेगळ्या. चार ओळींचं काम बारा ओळींवर जातं, आणि एका विस्थापिताचं पुनर्वसन शिल्लक राहतं.

आय-थ्रीची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी चालवू शकणारा स्वे नावाचा विंडो मॅनेजर ड्र्यू डीव्हॉल्टने सुरू केला, त्याची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्याने व्हिमची चौकडी मूळ धरली आणि आडव्या रचनेला बी दिला. बी कशाचा? कशाचाच नाही. तो व्हीच्या शेजारी आहे, बस. पण स्वेने एक शहाणपण केलं. डावं, खालचं, वरचं, उजवं अशी चार नावं फाइलीच्या सुरुवातीलाच एकदा ठरवून घेतली आणि पुढे सगळीकडे ती नावंच वापरली. आता चौकडी बदलायची तर चारच ओळी. घरातल्या सगळ्या दिव्यांची बटणं एका फळीवर आणल्यासारखं.

वेगवेगळ्या विंडो मॅनेजरांत तेच बटण काय करतं हे ताडून पाहिलं की त्यांचे स्वभाव उघडे पडतात. डीडब्ल्यूएम २००६चा, एक्समोनॅड २००७चा. या दोघांत पडद्याचा एक भाग मुख्य मानलेला असतो आणि बाकी खिडक्या बाजूला रचल्या जातात. तिथे मॉड आणि एंटर हे सगळ्यात सोयीचं बटण समोरच्या खिडकीला मुख्य जागी बसवतं. आय-थ्रीत तेच बटण नवं टर्मिनल उघडतं. पहिल्या दोघांना वाटतं की आहे ते नीट मांडणं हे दिवसातून शंभर वेळा करायचं काम आहे. आय-थ्रीला वाटतं की नवं काही सुरू करणं हे.

आणि आता धोक्याची गोष्ट. आय-थ्रीत मॉड, शिफ्ट आणि क्यू दाबलं की समोरची एक खिडकी बंद होते. डीडब्ल्यूएममध्ये हीच तीन बटणं दाबलीत की विंडो मॅनेजरच बंद पडतो, न विचारता, आणि त्याच्यासोबत बहुधा सगळं उघडं काम. तिथे खिडकी बंद करायला क्यूऐवजी सी लागतो. आय-थ्रीत मॉड, शिफ्ट, सी म्हणजे कॉन्फिग पुन्हा वाचणं, अगदी निरुपद्रवी. हाताला लागलेली सवय एका घरात बिनधास्त आणि शेजारच्या घरात घातक. म्हणूनच ‘कोणतीही बटणं चालतील, शेवटी आवडीचा प्रश्न’ हे म्हणणं मला पटत नाही. बोट विचार करून दाबत नाही. ज्या आज्ञेने काम नष्ट होतं ती रोजच्या आज्ञेपासून लांब असायला हवी आणि तिने एकदा विचारायला हवं. संपूर्ण बाहेर पडताना आय-थ्री विचारतो, डीडब्ल्यूएम विचारत नाही. त्यात तर बटण बदलायचं म्हणजे सी भाषेतला स्रोत बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. यामुळे वापरणारे थोडे आणि निवडक राहतात, असं त्याच्या संकेतस्थळावर उघडपणे म्हटलेलं आहे. प्रामाणिकपणाबद्दल दाद द्यावी, पण नव्याने शिकणाऱ्याला दारातच थांबवणाऱ्या या अभिमानाला मी गुण देणार नाही.

र क त च

आता मराठी. लिनक्सवर मराठी टाइप करायचे दोन ढोबळ मार्ग आहेत. एकात तुम्ही इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिता आणि मधला एक प्रोग्राम त्याचं देवनागरी करतो. तिथे कीबोर्ड मुळात इंग्रजीच राहतो. दुसरा मार्ग इन्स्क्रिप्टचा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१च्या मानकात नोंदवलेली ही मांडणी सगळ्या प्रमुख भारतीय लिप्यांना समान आहे. डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजनं. एकदा बोटात बसली की झपाझप चालते. त्यात जे म्हणजे र, के म्हणजे क, एल म्हणजे त आणि सेमीकोलन म्हणजे च.

तुम्ही मराठीत लेख लिहीत आहात. शेजारच्या खिडकीत जायला मॉड आणि जे दाबलंत. पण आत्ता त्या बटणावर जे नाही, र आहे. मग विंडो मॅनेजरने काय समजायचं? तुम्ही जे म्हणालात की र?

नेमका इथे त्या फाइलीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द उजेडात येतो. बटणं बांधणारी प्रत्येक ओळ ‘बाइंडसिम’ या शब्दाने सुरू होते. सिम म्हणजे सिम्बॉल, चिन्ह, म्हणजे अक्षर. त्याला एक भाऊ आहे, ‘बाइंडकोड’. त्यात अक्षराऐवजी बटणाचा क्रमांक द्यायचा. जे छापलेलं बटण ४४, पुढची ४५, ४६, ४७. मांडणी इंग्रजी असो की मराठी, ४४ हे ४४च. आपला अक्षर की जागा हा प्रश्न या दोन शब्दांत अगदी उघडा मांडलेला आहे.

आय-थ्रीच्या मार्गदर्शिकेचा सल्ला साधारण असा: मांडणी वारंवार बदलत असाल आणि बटणांच्या जागा कायम हव्या असतील तर क्रमांक वापरा, मांडणी बदलत नसाल आणि फाइल स्वच्छ, सोपी हवी असेल तर अक्षरं वापरा. वाचायला समंजस वाटतो. पण तो जरा उलटा धरून बघा. स्वच्छ आणि सोपी फाइल कुणाच्या वाट्याला आली? एकाच भाषेत टाइप करणाऱ्याच्या. दोन भाषांत जगणाऱ्याने ‘मॉड अधिक ४४’ अशी आकड्यांची जंत्री लिहायची आणि सहा महिन्यांनी ४४ म्हणजे कोण होता ते आठवत बसायचं.

प्रत्यक्षात आय-थ्री सल्ल्यापेक्षा उदार आहे. अक्षरांनी बांधलेली बटणं तो पहिल्या मांडणीत शोधून ठेवतो आणि मग सगळ्या मांडण्यांत चालू देतो. स्वे तसं आपणहून करत नाही. त्याला ओळीत ‘टू-कोड’ अशी खूण द्यावी लागते, मग तोही अक्षराचं रूपांतर पहिल्या मांडणीतल्या क्रमांकात करतो. ती खूण नसेल तर मराठी चालू करताच स्वेच्या अक्षरी आज्ञा मुक्या होतात. हायपरलँड या अलीकडच्या विंडो मॅनेजरात पहिल्या मांडणीप्रमाणे वागणं हेच मूळ धोरण आहे.

तिन्हीकडे एक शब्द समान आहे: पहिली. पहिली मांडणी इंग्रजी असेल तरच हा सगळा उपाय चालतो. मराठी पहिली आणि इंग्रजी दुसरी ठेवलीत, तर पहिल्या मांडणीत ‘जे’ नावाचं काही सापडतच नाही, आणि जे सापडत नाही ते कोणत्या बटणावर बांधणार? मराठी खुशाल वापरा, फक्त दुसऱ्या क्रमांकावर. कुणी मुद्दाम असा नियम केलेला नाही. कुणी वाईट हेतूनेही लिहिलेला नाही. अक्षराला जागेचं नाव मानण्याच्या एका सहज सवयीचा तो हिशेबी परिणाम आहे. इंग्रजी कीबोर्डवर अक्षर आणि जागा कायम एकत्र राहतात, त्यामुळे ती दोन आहेत हे तिथे दिसतच नाही. मराठीच्या उजेडात ती सुटी होतात. रशियन, ग्रीक किंवा अरबीत टाइप करणाऱ्यांचीही हीच गत आहे. आपण एकटे नाही.

मग नावांचं व्याकरण मराठीत उभं करता येईल का? येईल. या फाइलींमध्ये देवनागरी अक्षरालाही त्याच्या युनिकोड क्रमांकाने बोलावता येतं. प म्हणजे यू०९२ए. पूर्ण पडद्यासाठी प, टर्मिनलसाठी ट, बंद करायला ब. ऐकायला गोड आहे, पण फाइल पुन्हा आकड्यांच्या जंगलात शिरते आणि इंग्रजीत परतलात की तीच बटणं मुकी होतात. मला हा उपाय मांडण्यापुरताच बरा वाटतो. खरा उपाय दुसऱ्या व्याकरणात आहे. नावं सोडा, जागा धरा. बोटाला भाषा नसते. तर्जनीखालचं बटण डावीकडे नेतं, एवढं हाताला कळलं की त्यावर जे आहे की र याने फरक पडू नये. आय-थ्रीच्या फाइलीत उजव्या हाताची चौकडी हेच सांगत होती. उरलेल्या फाइलीने तिचं ऐकायला हवं होतं.

सजावट आणि हात

या फाइलींच्या दुनियेत ‘राइसिंग’ नावाचा छंद आहे: आपला डेस्कटॉप नटवायचा, खिडक्यांमध्ये नाजूक फटी सोडायच्या, रंगसंगती जुळवायची आणि स्क्रीनशॉट काढून मिरवायचा. त्याला हसायचं कारण नाही. दारात रांगोळी काढणाऱ्याला कुणी ‘याने घर मजबूत होतं का’ असं विचारत नाही. तक्रार एवढीच की स्क्रीनशॉटमध्ये रंग दिसतात, शॉर्टकट दिसत नाहीत. त्यामुळे लोक एकमेकांचे रंग निवडून घेतात आणि बटणं न बघता. दुसऱ्याच्या हाताच्या सवयी, त्याच्या कीबोर्डच्या खोडी, त्याच्या एकाच भाषेची गृहीतकं, सगळं त्या चिकटवलेल्या तुकड्यासोबत आपल्या घरी राहायला येतं.

उलट टोकाचीही एक हौस असते: प्रत्येक बटण बदलायचं. मग तो लॅपटॉप फक्त मालकालाच चालवता येतो. धाकट्या बहिणीला दहा मिनिटं परीक्षेचा निकाल बघायचा असेल तरी ती रिकाम्या पडद्याकडे बघत बसते. आणि मालक कॉलेजच्या लॅबमध्ये गेला की तिथे तो परका. आय-थ्रीबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. कोणतं बटण काय करतं याची यादी पडद्यावर दाखवणारी एकही आज्ञा मूळ फाइलीत नाही. ज्या घराची भाषा शिकल्याशिवाय दिवाही लावता येत नाही, त्याच्या दाराशी एक तक्ता टांगायला हवा होता.

एवढं असूनही या फाइलीच्या बाजूने एक मोठी गोष्ट उरते. ती साध्या मजकुरात आहे. ती उघडता येते, वाचता येते, एक ओळ बदलून दोन सेकंदांत परिणाम बघता येतो. तुमच्या फोनवर कडेवरून बोट सरकवलं की मागे जायचं हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलं; एखाद्या ॲपचा मेनूही त्याच कडेवरून उघडत असेल तर तुमच्या अंगठ्याने निमूट जुळवून घेतलं. तो निर्णय कुठे लिहिलेला आहे ते तुम्हाला उघडून बघता येत नाही. इथे बघता येतो. चुकीचा निर्णयही वाचता येणं ही किरकोळ गोष्ट नाही. हा सगळा लेख त्याच जोरावर उभा आहे.

म्हणून कुणी पहिल्यांदा या घरात शिरत असेल तर माझं सांगणं असं. पहिले दोन आठवडे मूळ फाइलीला हात लावू नका. बोट कुठे चुकतं, कुठे ताणतं, याची फक्त नोंद ठेवा. मग तेवढंच बदला. दिशांची चौकडी स्वेसारखी एकदाच वर ठरवून घ्या. मराठी मांडणी वापरत असाल तर ती चालू ठेवून प्रत्येक आज्ञा एकदा दाबून बघा, आणि जी मुकी होईल ती क्रमांकाने बांधा.

शेवटचं सांगणं टिपणांबद्दल. या फाइलीत ज्या ओळीच्या आरंभी हॅशचं चिन्ह असतं ती ओळ संगणक वाचत नाही. ती माणसांसाठी असते. तिथे मराठी चालतं. ‘४४ म्हणजे तर्जनीखालचं बटण, इंग्रजीत जे, मराठीत र. डावीकडे जाण्यासाठी.’ एवढी एक ओळ वर लिहिलीत की आकड्यांची जंत्री पुन्हा वाचनीय होते, आणि पुढच्या वेळी तुमची फाइल मागून नेणाऱ्या मुलाला बटणासोबत त्यामागचं कारणही मिळतं.